बावन्न पौंडांचं टेन्शन

समस्त कोल्हापूरकरांस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येते की, टेनिसच्या जागतिक क्रमवारीत आठशेच्या घरात असलेल्या खेळाडूची उजवी करंगळी बेपत्ता झाली आहे. जागेवर दिसते, पण मालकिणीला जाणवत नाही.

ही जाहिरात मी डॉक्टरांसमोर बसून मनात लिहिली. दुसरं काही सुचतच नव्हतं. मालकीण म्हणजे माझी मुलगी, शर्वरी. डॉक्टर म्हणाले, क्युबिटल टनेल सिंड्रोम. कोपर आपटलं की जिथून झिणझिण्या येतात, तिथली नस दाबली गेली होती. पुढचं मला ऐकू येत होतं, आत जात नव्हतं.

सुरुवात मुंग्यांनी झाली. आधी करंगळी, मग शेजारचं बोट. परगावच्या एका स्पर्धेत सर्व्हिस करताना रॅकेट हातातून सुटली, ते तिला आवाजावरून कळलं. तरी ती खेळत राहिली. मिळवलेले गुण वर्षभरच टिकतात; खेळणं थांबलं की ते गळतात आणि नाव यादीतून जातं. परक्या गावांत, परक्या मुलींबरोबर खोली वाटून घेत, बेसिनमध्ये कपडे धूत ती आठशेपर्यंत पोचली होती. ते सगळं आता एका बोटावर होतं.

माझं शाहूपुरीत खेळाच्या सामानाचं दुकान. रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारांची जाळी विणणं, मी स्वतः करतो. तार किती ताणायची, त्याला आमच्या धंद्यात टेन्शन म्हणतात. त्यामुळे डॉक्टरांनी जेव्हा विचारलं, "हिला टेन्शन किती असतं?" तेव्हा मी ऐटीत सांगितलं, "बावन्न पौंड."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. शर्वरी हसली. त्या आठवड्यात तेवढंच.

मग नर्व्ह कंडक्शन टेस्ट. विजेचे बारीक झटके देऊन नसेतून संदेश किती वेगानं जातो ते बघतात. करंगळीला झटका दिला तेव्हा शर्वरी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. बाहेर बाकावरच्या एका आजींनी पोरीला काय झालंय म्हणून विचारलं. करंगळी झोपलीय, म्हटलं. "उठंल की," त्या म्हणाल्या, "दमली आसंल."

ऑपरेशन करून नस मोकळी केली. "नस सावकाश सावरते," डॉक्टर म्हणाले. "किती सावरेल, त्याचं वचन देत नाही."

कसबा बावड्यातल्या घरी रोज संध्याकाळी ती डोळे मिटायची आणि मी करंगळीला कापूस लावायचो. लागतंय? न्हाय. भात वाढू का विचारावं, तसं आम्ही ते उरकायचो. एक दिवस तिनं फोन पुढं केला. यादीत नाव नव्हतं. मी बघितलं, आणि आम्ही आमटी-भात जेवलो.

तुमच्या घरी कुणाच्या बोटांना अशा मुंग्या येत असतील, तर आमच्यासारखी वाट बघू नका, लगेच दाखवा. आणि नंतर वाट बघायची वेळ आली, तर कापूस हाताशी ठेवा.

रॅकेट धरायची परवानगी मिळाली, तेव्हा मी नवं गटिंग केलं. हाताला धक्का कमी बसावा म्हणून तारा गुपचूप ढिल्या ठेवल्या आणि तोंडानं बावन्नच सांगितलं. दुकानात शर्वरीनं रॅकेट मांडीवर घेतली, सवयीनं डोळे मिटले आणि करंगळीनं एक तार दाबली. मग शेजारची. मी लागतंय का विचारायच्या आत गिऱ्हाइकांसमोर ती ओरडली,

"पप्पा, ह्याला टेन्शनच न्हाय की!"