भिंगातलं कुंकू

सन दोन हजार तेवीस. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. ज्या रिळाच्या कॅमेऱ्यावर मी जन्मभर लग्नाचे फोटो काढले, तो विकत घ्यायसाठी पाहायले अकोल्याचा एक स्टुडिओवाला आमच्या अंजनगावच्या घरी आला. त्याचं नाव मी विचारलं नाही, त्यानं देल्लं स्टुडिओचं कार्ड तेवढं खिशात ठेवलं.

त्यानं आधी रुमालाले हात पुसले. मग कॅमेरा कानाशी धरून खटका दाबला, टरबुजावर टिचकी मारून ऐकावं तसा. भिंग काढून त्यातून मोबाईलचा उजेड पाडला.

"काकाजी, आत कुंकू हाय."

"दर दसऱ्याले पूजा केली त्याची. कावून नसन?"

"बॉडी एक नंबर हाय, नेतो. भिंग तुमी देवघरातच ठेवा," तो हसून म्हणाला.

मी त्याले दार दाखवलं. ज्यानं भाकर दिली त्याले कुंकू वाहिलं, ते चुकलं असं मी आजही म्हणत नाही.

तो गेल्यावर पोरगा म्हणे, "बाबा, शोकेसमंदी ठेवू." चालता बैल खुंट्यालेच मरू द्यावा, तसं ते झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंग देवघरात ठेवलं, पहिल्या एसटीनं अकोल्याले गेलो, त्याच्या टेबलावर नुसती बॉडी ठेवली, अन् तो पाणी आणायले आत गेला तसा पैसे न घेताच निघून आलो.