शाल नको, पोच हवी

माझी भाची परतूरला पोलीस भरतीची तयारी करते. एके सकाळी रस्त्यावर धावत असताना एका हवालदाराने तिला हटकले. तिने कारण विचारले. उत्तर पिंढरीवर काठीने मिळाले.

तिने आधी वेळ, जागा आणि बक्कल नंबर मोबाइलमध्ये नोंदवला. मग लंगडत सरकारी दवाखान्यात जाऊन तपासणीचा कागद घेतला आणि मला फोन केला. मी शिक्षक, नात्यातले सगळे अर्ज माझ्याकडेच येतात.

दाजी, म्हणजे तिचे वडील, तक्रारीच्या विरोधात होते. भरतीत निवड झाली तर चारित्र्य पडताळणी याच ठाण्यातून होणार, हे त्यांचे म्हणणे. भीती मलाही होती. मी ती शहाणपणासारखी मांडली, एवढाच फरक.

एका पुढाऱ्याने तोडगा काढला. भरतीच्या मुलींचा सत्कार करायचा, ठाण्यातल्या साहेबांच्या हस्ते शाल-श्रीफळ द्यायचे, विषय संपला. आमच्याकडे सत्कार हे मलम कुठेही लावतात. फ्लेक्सही छापून झाला. त्यावर मुली टिकलीएवढ्या होत्या, पुढारी पुरुषभर.

"हो म्हण अन् मोकळी हो," दाजी म्हणाले.

"पप्पा, उद्या वर्दीत मी कुणाला मारलं, तर त्यालाबी शालच द्यायची का?"

सत्काराला ती गेली नाही.

मी अर्ज लिहिला. त्यात 'अमानुष' तीनदा आणि लोकशाही दोनदा आली होती. तिने वाचून परत दिला. "मामा, बक्कल नंबर राह्यला की."

दुसरा अर्ज एका पानात बसला. तो घेऊन आम्ही जालन्याला पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात गेलो. साहेब बाहेर आहेत, अर्ज ठेवून जा, असे कारकून म्हणाला. तिने दुसरी प्रत पुढे केली.

"साहेब नसू द्या. यावर शिक्का अन् आवक नंबर द्या. न्हाई तर रजिस्टर पोस्टानं पाठवते. त्याच्यावर पोलीस तक्रार प्राधिकरण हायच."

हे कुठे शिकलीस, असे त्याने विचारले.

"भरतीच्या पुस्तकात."

शिक्का बसला.

भरतीचा फॉर्म तिने त्याच आठवड्यात भरला. पुढे जबाबाला बोलावणे आले, तेव्हा दाजी स्वतःहून सोबत निघाले. लिहून घेतलेल्या जबाबात 'किरकोळ बाचाबाची' असे होते. तिने पेन खाली ठेवले. लिहिणाऱ्याने दाजींकडे पाहिले.

"ती सांगते तसं लिहा," दाजी म्हणाले. "आम्हाला घाई न्हाई."