आलोचराव थांबायला शिकतात

हॉटेलात गिऱ्हाइकानं नुसती मान वर केली, तरी हा माणूस "आलोच!" म्हणत टेबलाशी हजर व्हायचा. त्याला खरं नाव आहे हे लोक विसरून गेले आणि तो 'आलोच' झाला. केस पिकल्यावर मागे 'राव' लागलं. कुणाचा पाण्याचा ग्लास अर्धा झाला की आलोचरावांच्या जिवाची घालमेल सुरू व्हायची. हातून सुटलेला चमचा जमिनीवर पडायच्या आत झेलण्यात तर त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मालकानं हॉटेल बंद केलं, तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या या माणसाला कळेना, आता धावायचं तरी कुणासाठी?

वाट बायकोनं दाखवली. ती एका पुनर्वसन केंद्रात आया होती. अर्धांगाचा झटका आलेली, अपघातात अधू झालेली माणसं तिथं जेवायला, कपडे घालायला, घरात वावरायला नव्यानं शिकत. तिथं ऑक्युपेशनल थेरपीच्या सहायकांसाठी अभ्यासक्रम निघाला होता आणि वयाची अट नव्हती. "तुम्हाला लोकांची सेवा करायची हौस आहेच," ती म्हणाली, "तिथं भागवा की." मेव्हण्याला थेरपी म्हणजे मालिश वाटली. त्यानं लगेच आपली पाठ पुढे केली.

नडली ती ही हौसच. शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, "पेशंटचं काम आपण करायचं नाही. त्याचं त्याला करता येईल, एवढंच बघायचं." आलोचरावांनी जोरात मान डोलावली आणि दुपारी एका आजोबांच्या शर्टाची सगळी बटणं चुटकीसरशी लावून दिली. आजोबा सकाळपासून त्यातल्या पहिल्याच बटणाशी झुंजत होते. मॅडमनी कपाळाला हात लावला. तेव्हापासून वर्गात दिवसातून दहादा "आलोचराव, हात!" अशी हाक यायची, आणि ते दोन्ही हात चोरी पकडल्यासारखे पाठीमागे घ्यायचे. बरोबरच्या मुली तोंडाला ओढणी लावून हसायच्या.

तसा माणूस ढ नव्हता. शर्ट चढवताना लुळा हात आधी घालायचा आणि उतरवताना शेवटी काढायचा, चाकाच्या खुर्चीचा ब्रेक लावल्याशिवाय पेशंटला उठू द्यायचं नाही, पकड ढिली असेल तर चमच्याची मूठ जाड करून द्यायची, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. फक्त गप्प उभं राहणं जमत नव्हतं.

शेवटच्या परीक्षेसाठी त्यांच्या वाट्याला आल्या बाई. बाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका. झटक्यानंतर हळूहळू चालायला लागल्या होत्या, पण डावा हात लोंबकळत राहिला होता. घरी त्या एकट्याच. मुलगा दुसऱ्या गावी. तो भला माणूस होता आणि त्याचं म्हणणंही सरळ होतं, "आई, एकटीला जमत नसेल तर घर बंद करून माझ्याकडे ये." बाईंना मात्र आपलंच घर हवं होतं. आपली खिडकी, आपली खुर्ची, आपल्याला वाटेल तेव्हा लागणारा रेडिओ. शेवटी असं ठरलं, की केंद्रातल्या सरावाच्या स्वयंपाकघरात बाईंनी गॅस पेटवण्यापासून कप टेबलावर आणण्यापर्यंत दोन कप चहा स्वतः करायचा. मॅडमनी 'मदतीशिवाय' असा शेरा दिला तर बाई आपल्या घरी, नाहीतर मुलाकडे. त्याच चाचणीवर आलोचरावांचं पास-नापास ठरणार होतं.

सगळं अडत होतं साखरेच्या बरणीच्या झाकणापाशी. एका हातानं ते काही केल्या फिरेना. चाचणीच्या सकाळी आलोचराव सगळ्यांच्या आधी स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी झाकण हळूच सैल करून ठेवलं.

चाचणी झकास झाली. बाईंनी बोट लावलं आणि झाकण उघडलं! बाईंचा आनंद गगनात मावेना. मॅडमनी मात्र बरणी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "काल हे झाकण माझ्यानंसुद्धा उघडत नव्हतं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी आलोचरावांकडे नजर टाकली. आलोचरावांना खोटं बोलणं जन्मात जमलं नव्हतं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि काम संपलं.

"बाई घरी गेल्या असत्या," मॅडम म्हणाल्या, "आणि पहिल्याच सकाळी घट्ट झाकण धरून बसल्या असत्या. तेव्हा तुम्ही कुठून 'आलोच' म्हणणार होतात? ही चाचणी रद्द. पुन्हा घेऊ, पण परत असं काही केलंत तर हा अभ्यासक्रम तुमच्यासाठी संपला."

हे बोलणं परवडलं, पण बाई! "आयुष्यभर मी पोरांच्या कॉप्या पकडल्या," त्या कडाडल्या, "आणि तू या वयात मला कॉपी पुरवतोस? मला न विचारता?" त्यांनी आलोचरावांशी बोलणंच टाकलं.

घरी आलोचरावांनी भरलं ताट बाजूला सारलं. बायको म्हणाली, "चुकलात ते चुकलात. आता असं तोंड पाडून बसल्यानं त्या बाईंचं झाकण उघडणार आहे का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी बरणीचं झाकण अंगातला सगळा जोर लावून आवळलं आणि बरणी बाईंसमोर ठेवली. "घट्ट केलंय, बाई. मीच केलंय."

बाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "बरं," त्या म्हणाल्या. "मग आता शिकव."

मॅडमनी वर्गात दाखवलेली एक युक्ती होती. ओट्याखालचा खण अर्धा उघडायचा, बरणी त्यात उभी ठेवायची आणि कमरेनं खण ढकलायचा, म्हणजे बरणी घट्ट धरली जाते. मग चांगल्या हातानं झाकण फिरवायचं. सांगायला सोपं. पहिल्यांदा बरणी आडवी झाली आणि खणभर साखर सांडली. पुढच्या वेळी बाईंची कंबरच खणाला लागेना. आलोचराव बाजूला उभे, हात पाठीमागे, बोटं एकमेकांत गच्च. "असा काय बघतोस, फाशीची शिक्षा सुनावल्यासारखा?" बाई वैतागून म्हणायच्या, आणि पुन्हा बरणी उभी करायच्या.

आलोचराव घरीही सराव करू लागले. बायको स्टुलावर चढून माळ्यावरची पेटी काढत होती आणि हे शेजारी हात बांधून शांत उभे. "अहो, स्टूल डगमगतंय! धरा की!" ती ओरडली. "तुमची थेरपी तिकडे केंद्रात ठेवा!" त्यांनी धावत जाऊन स्टूल धरलं. कुठं धरायचं आणि कुठं सोडायचं हे कळायलाही अक्कल लागते, हे त्यांना तेव्हा उमगलं.

पुन्हा चाचणीचा दिवस उजाडला. मॅडम कोपऱ्यात पेन घेऊन उभ्या राहिल्या. "हात नाही, खूण नाही, आणि शब्दही नाही," त्यांनी आलोचरावांना बजावलं. "सुचवणं म्हणजेही मदतच. भाजण्या-पडण्याचा धोका दिसला तरच पुढे व्हायचं."

बाईंनी गॅस पेटवला. पाणी, चहापत्ती, दूध, सगळं एकेक करून पातेल्यात गेलं. मग बरणी खणात उभी राहिली. बाईंनी कमरेनं खण दाबला, झाकणाला हात घातला. हललं नाही. पुन्हा जोर लावला. नाहीच. त्यांनी वळून आलोचरावांकडे पाहिलं. त्या नजरेनं हॉटेलातला प्रत्येक दिवस त्यांच्या अंगात उठून उभा राहिला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

कट्‌ असा आवाज आला. डोळे उघडले तर झाकण बाईंच्या हातात! बाई मॅडमकडे वळून ते झाकण उंच धरून दाखवत होत्या, आणि मागे चहा उतू जायला आला होता. आलोचराव पुढे सरकणार, एवढ्यात बाईंनाच ते दिसलं. त्यांनी झाकण टाकलं आणि गॅस बंद केला. कपावर गाळणी ठेवून, पातेलं टेकवत टेकवत चहा गाळला. ढकलगाडीवर दोन कप ठेवून ती ढकलत टेबलापाशी आल्या आणि एक कप आलोचरावांपुढे सरकवला. "घे."

आलोचरावांनी घोट घेतला आणि त्यांच्या काळजाचं पाणी झालं. चहात साखरच नव्हती. झाकण उघडल्याच्या आनंदात आणि उतू जाणाऱ्या चहाच्या गडबडीत बाई साखर घालायलाच विसरल्या होत्या.

आता काय करायचं? सांगावं, तर ती मदत झाली, बाई मुलाकडे. मुकाट्यानं पिऊन टाकावा, तर हे पुन्हा झाकण सैल करण्यासारखंच झालं. वेटरचा चेहरा असल्यामुळे त्यावर काही उमटलं नाही. त्यांनी कप बशीत ठेवला आणि ते थांबले. बाई अजून खुर्चीत नीट बसत होत्या. त्यांनी डावा हात उचलून मांडीवर ठेवला, पदर सारखा केला, चष्मा वर सरकवला. एवढा वेळ लावतात माणसं बसायला? मग त्यांनी कप उचलला.

"अगंबाई!" बाईंनी तोंड वाकडं केलं. "साखर कुठाय?" आणि आपल्याच गाढवपणावर त्या खदखदून हसल्या. टेबलाचा आधार घेऊन उठल्या, ढकलगाडी घेऊन परत ओट्याशी गेल्या, साखर आणली, दोन्ही कपांत घातली, ढवळली. कुणी बोटही हलवलं नव्हतं.

मॅडम आलोचरावांकडे वळल्या. "तुम्हाला आधीच कळलं होतं ना?"

"हो."

"मग?"

"बाईंनी अजून घोट घेतला नव्हता," आलोचराव म्हणाले.

मॅडमनी काहीतरी लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. "चूक स्वतःला कळली, स्वतःच निस्तरली. याच्यापुढे मला काही बघायचं नाही. बाई, तुम्ही घरी जाताय. आणि आलोचराव, तुम्हीही पास."

छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून न्यावा, तसं आलोचरावांना झालं. डोळे पुसत ते चहा पीत राहिले. चहा आता फार गोड झाला होता. त्यांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.

"तुमच्या मुलाला कळवूया," मॅडम फोन काढत म्हणाल्या. "थांबा, मी नंबर लावून देते."

"नको, मी लावते."

बाईंनी आपला फोन टेबलावर उताणा ठेवला आणि एका बोटानं आकडे दाबायला सुरुवात केली. पलीकडून कुणी भलताच माणूस बोलला. "माफ करा हं," म्हणून त्यांनी बंद केला आणि पुन्हा पहिल्या आकड्यापासून सुरुवात केली. मॅडम आणि आलोचराव दोघंही खिडकीबाहेर बघत उभे राहिले. या वेळी घंटी बराच वेळ वाजली.

"अरे, मी बोलतेय," बाई म्हणाल्या. "माझ्या घराची किल्ली तुझ्याकडे आहे ना? घेऊन ये."