उरलेलं दूध

“पदर काढ. साबण लाव. दोनदा.”

मिठागराच्या मालकाची आई मागच्या दारात उभी राहून सांगत होती. भर सकाळ. गोठ्यात गडी शेण काढत होता. त्याच्यादेखत मी छाती धुतली. मग मला गोणपाटावर बसवलं. तिने नातू माझ्या हातात दिला नाही. जमिनीवर फडकं पसरून त्यावर ठेवला आणि मागे सरकली. मी उचलला.

सत्तर साल अजून यायचं होतं. आम्ही वारली. पाडा डोंगराच्या पायथ्याशी, पण मिठाच्या हंगामात राई गावाकडच्या मिठागरावर झोपडी घालून राहायचो. नवरा मीठ ओढायचा, मी टोपल्या वाहायचे. माझी पोरगी तीन महिन्यांची. तिला सासू सांभाळायची.

मालकाच्या बायकोला तापाने धरलं. तिचं दूध आटलं. पोर डब्याचं दूध ओकायचं. मुकादमाने मिठागरावरच्या बायका बघितल्या आणि मला बोट दाखवलं. जायचं का, हे कुणी विचारलं नाही.

दिवसातून तीनदा जायचे. तो पिऊन झाला की लगेच त्याला आंघोळ. मी शिवले म्हणून. माझं दूध त्याच्या पोटात गेलं, ते मात्र चालत होतं.

पोरीला बरोबर आणायची नाही, असा हुकूम होता. ती आधी पिऊन टाकेल म्हणून. झोपडीत परत येईपर्यंत माझी छाती रिकामी. ती ओढायची, रडायची, परत ओढायची. सासू तिला पेजेचं पाणी पाजायची. पोरीला जुलाब लागले. हात काडीसारखे झाले.

मी मालकाच्या आईला म्हटलं, एक वेळ तरी पोरीला आणू द्या. हात जोडून म्हटलं. ती चिडली नाही. साधं सांगितल्यासारखं म्हणाली, “पेज पाज की. तुमची पोरं कशावरही जगतात.”

आणि मी पुन्हा गोणपाटावर बसले. पदर सोडला, तिच्या नातवाला घेतलं. हे मी लपवत नाही. काम जाईल, झोपडी जाईल, या भीतीने मी आणखी आठ दिवस पाजत राहिले.

नवव्या दिवशी दुपारी परत आले तर सासू दारात बसलेली. “बाय, ती घोट गिळत न्हाय.” मी पोरीला छातीशी धरलं. तोंडात दिलं. तिने ओढलंच नाही. उरलंसुरलं दूध तिच्या गालावरून खाली गेलं. संध्याकाळच्या आत ती गेली. नवऱ्याने पाड्यावर नेऊन पुरली.

छाती मात्र थांबेना. दगडासारखी झाली. सासूने फडकं आवळून बांधलं. ते भिजायचं. परत बांधायची, परत भिजायचं. मला वाटायचं, विहीर जवळ करावी.

तिसऱ्या दिवशी मुकादम झोपडीपाशी आला. म्हणाला, “चल. पोर भुकेलंय. आता तर तुझं दूध मोकळंच हाय.”

मोकळं.

मी त्याच्यासमोर उभी राहिले. पदर भिजलेला होता, तो झाकला नाही. म्हटलं, “माझी पोर मेली. मी येणार न्हाय.”

तो म्हणाला, मग मिठागर सोडा. नवऱ्याने खाली बघितलं. मी भांडी गोळा केली.

मालकाचं ते पोर पुढे जगलं की नाही, मला ठाऊक नाही. त्याचा काही गुन्हा नव्हता. मला बघून हसायचं. ते आजही टोचतं. तरी मी गेले नाही.

दोन वर्षांनी मुलगा झाला. काम दुसऱ्या मिठागरावर. पहिल्याच दिवशी त्याला पाठीला बांधून नेलं. तो रडला तशी टोपली खाली टाकली आणि सगळ्यांसमोर बसून पाजायला घेतलं. तिथला मुकादम धावत आला. बाकीच्या बायका बघत राहिल्या.

मी उठले नाही. त्याला म्हटलं, “त्याचं पोट भरंल तवा उठीन. हाकलायचं तर हाकल.”

मग आजूबाजूच्या बायकांकडे वळून म्हटलं, “तुमी पन बसा.”

एक बसली. मग दुसरी.

त्या हंगामात आम्हाला दोनदा हाकललं. दोन्ही वेळा मी नव्या जागी पोर घेऊनच गेले. आधी पाजलं, मग टोपली उचलली.