खरवडलेलं मेण

कस्तुरीच्या नवऱ्याला, परीक्षितला, दुसऱ्याचं काम पुरं झालेलं कधी दिसतच नसे. तिने कुलूप लावलं की हा ओढून बघणार. तिने आमटी उतरवली की हा चाखणार, चिमूटभर मीठ घालणार आणि वर "आता बघ" म्हणणार. लंडनमधल्या हॅरोच्या त्या घरात ती हे लग्नापासून गिळत आली होती. हॉस्पिटलात मोडक्या गुडघ्यांना चालायला लावणारी ही फिजिओथेरपिस्ट बाई घरात मात्र कायम कच्चा लिंबू.

गॅरेजमधलं टेबल तेवढं तिचं स्वतःचं होतं. चाळिशी उलटल्यावर ती स्कीइंग शिकली. या वयात हातपाय मोडून घ्यायचे डोहाळे कसले, असं सासरी-माहेरी सगळ्यांचं बोलून झालं. तिने नाद सोडला नाही, आणि आता स्कॉटलंडला स्की क्लबच्या प्रशिक्षकपदाची परीक्षा होती. बर्फ एप्रिलचा. सकाळी फरशीसारखा टणक, ऊन चढलं की भिजवलेल्या साबुदाण्यासारखा. असला ओला बर्फ स्कीला धरून ठेवतो. म्हणून तिने उबदार हवेत वापरायचं पिवळं मेण जुन्या इस्त्रीने स्कींच्या तळात जिरवलं, निवू दिलं, मग पट्टीने खरवडलं आणि ब्रश मारून तळावरच्या बारीक रेघा मोकळ्या केल्या. जिरलेलं मेण तेवढं कामाचं, वर राहिलेलं नुसतं पाय ओढतं.

अ‍ॅव्हिमोरच्या पुढे, परीक्षेच्या सकाळी, स्कॉटलंडातल्या डोंगराखालच्या कार पार्कमध्ये तिने पिशवीतून स्की काढल्या आणि तिचं डोकंच फिरलं. दोन्हींच्या तळांवर मेणाचा जाड थर होता. रेघा पार बुजल्या होत्या.

सोबत आलेल्या परीक्षितने आपणहून, कौतुकाने सांगितलं. ती ड्युटीवर असताना त्याला गॅरेजच्या जमिनीवर मेणाचा चुरा दिसला. एवढं सगळं वाया गेलेलं बघवेना, म्हणून त्याने सढळ हाताने नव्याने लावलं. आधी सांगायचं काय त्यात?

कस्तुरीने पिशवीतून खरवडायच्या पट्ट्या आणि ब्रश काढला. आमटीतलं मीठ एक वेळ गिळता येतं.

"यावर मी पहिल्याच वळणाला तोंडावर पडले असते," ती म्हणाली. "आणि परत येताना गाडीत तू मला समजावलं असतंस की माझं कुठे चुकलं."

ती गाडीच्या बॉनेटवर एक स्की आडवी टाकून खरवडायला लागली. वर परीक्षक नावं घेत होता. परीक्षितने दुसरी पट्टी उचलली आणि दुसरी स्की घेतली. मान खाली घालून, घाम गाळून त्याने ती साफ केली. ब्रशही मारला. काम खरोखर चांगलं झालं होतं. तिला ते दिसलं.

तिने त्याच्या हातातून ती स्की घेतली, बॉनेटवर ठेवली आणि टोकापासून शेपटीपर्यंत पुन्हा खरवडली. चुरा पडलाच नाही. तिचं नाव पुकारलं गेलं, तरी तिने ब्रशही पुन्हा मारला.

"कस्तुरी, अगं, मी नीट केलं होतं," तो हळूच म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "माझंही नीटच होतं."

मग पट्टी स्वतःच्या खिशात टाकून ती वर गेली.