वालूरजवळच्या बकरीचं वजन

संजयचा फोन आला, "आमच्या शाळेत बकरी गणित शिकवते, ये बघायला." संजय माझा बी.एड.चा दोस्त, वालूरजवळच्या एका खेड्यात शिक्षक. मी शहरात स्मार्टबोर्डवर विज्ञान शिकवतो आणि मुलं उघड्या डोळ्यांनी झोपतात. म्हणून निघालो.

जालन्याहून एसटीनं देवगाव फाटा गाठला. तिथली भजी गरम असतील तरच खा. चहा म्हणजे नुसता पाक. पुढे संजयच्या मोटारसायकलवर सेलू, मग वालूर. रस्ता बरा आहे, असं संजय म्हणतो. माझी कंबर तसं म्हणत नाही.

शाळेच्या अंगणात सातवीतली वैष्णवी घरच्या बकरीच्या छातीभोवती टेप गुंडाळत होती. घेराचा वर्ग गुणिले लांबी, मग ठरलेल्या आकड्यानं भागलं की वजन. एकतीस किलो आलं. पण आज हा खेळ नव्हता. गावात शाळा सातवीपर्यंतच. तिचे वडील ज्ञानोबा बाजारात नुसतं बघून बकरीचं वजन सांगणारे. त्यांनी संजयला सुनावलं होतं, "काट्यावर टेप खरा निघाला तर आठवीला वालूरला धाडतो. न्हाई तर बकऱ्या सांभाळंल."

काट्यावर जायच्या आधी त्यांच्याच घरी जेवण झालं. ज्वारीची भाकरी, ठेचा, आग्रह लय. मग कापसाच्या काट्यावर बकरी चढवली. ज्ञानोबांनी नजर टाकली, "चौतीस." काटाही चौतीसच. संजयचा चेहरा उतरला. मी, विज्ञानाचा माणूस, सांत्वनाची वाक्यं जुळवायला लागलो.

वैष्णवी मात्र आईकडे वळली. "माय, हिला काय दिलं?"

"पाहुणे जेवायलेत आन् दारचं जनावर उपाशी ठिवू का? किलोभर सरकीची ढेप चारली, दोन तांबे पाणी पाजलं."

"तांब्या लिटरचा हाय. म्हंजे दोन किलो पाणी, एक किलो ढेप. एकतीस आन् तीन."

ज्ञानोबा बकरीच्या पोटाकडे बघत राहिले. मग संजयला म्हणाले, "लावा नाव वालूरला. घरी ठिवली तर उद्या माझ्या बी भाकरी मोजायची."

घरी येऊन आठवडा झाला. कंबर सुधारली, पण एक गोष्ट सलते. उत्तर जुळलं नाही तेव्हा त्या पोरीनं उरलेले तीन किलो शोधले. माझ्या वर्गात उत्तर चुकलं की मुलं लगेच खोडतात. चौदा वर्षं झाली, खोडायला मीच सांगतो.