उजव्या गालावरचा तीळ

हे मी आजवर उच्चारलेले नाही. सख्ख्या बहिणीजवळही नाही. तुम्हांला का सांगते आहे? कारण देऊ लागले की ती सफाई होते. म्हणून क्रमानेच सांगते.

चाळीस सालच्या सुमारास मी साताऱ्याला मुलींच्या शाळेत शिक्षिका होते. माहुलीकडच्या एका शेतकरी घरातली शेवंता माझी विद्यार्थिनी. ती कविता म्हणू लागली की वर्ग हालचाल विसरे. तिचे लग्न ठरले, तेव्हा सांगलीच्या एका नाटक मंडळीच्या नावे मी तिला चिठ्ठी लिहून दिली. ती निघून गेली. जाताना नदीकाठी लुगडे बदलले आणि जुने तिथेच टाकले. कृष्णेला पूर होता. घरच्यांनी ते लुगडे ओळखले, पोर बुडाली असे धरले आणि तेरावे उरकले.

मी बोलले नाही — नोकरी जाईल म्हणून. पण हा माझा मोठा दोष नव्हे.

सांगलीहून शेवंता बोलपटांत गेली, नाव बदलले. आधी दासीची कामे, मग धाकट्या बहिणीची, पुढे नायिकेची. तिच्या स्वच्छ बोलण्याची वर्तमानपत्रांतून वाखाणणी होई. ते उच्चार कोणी घोटवून घेतले होते? मला अभिमान वाटे. तेराव्याचे तिला ठाऊकच नव्हते. प्रत्येक पत्रात ती विचारी, आईचा राग गेला का? मी लिहीत असे — अजून नाही.

तिची आई, यशोदाबाई, लेकीची बाई म्हणून मला फार मानीत. एका वर्षी त्या मला आग्रहाने म्हसवडला सिद्धनाथाच्या यात्रेला घेऊन गेल्या. यात्रेत बोलपटाचा तंबू होता. चित्र कोणते, हे मला आत शिरेपर्यंत ठाऊक नव्हते. बायकांना पडद्याच्या मागल्या बाजूला बसवत. मागून पाहिले की डावे ते उजवे दिसते. वर्गात मी हे कागद दिव्यासमोर धरून दाखवत असे.

पडदा उजळला. वाऱ्याने हलणाऱ्या त्या कापडावर शेवंताचा चेहरा आला — घराच्या दाराएवढा. यशोदाबाईंचे गार बोट माझ्या मनगटावर टेकले.

“आवं बाई, ही माझी शेवंता.”

मी म्हटले, शेवंताचा तीळ डाव्या गालावर होता. हिचा पाहा — उजव्या.

त्या बराच वेळ पाहत राहिल्या. “व्हय. पर बोलती तिच्यावानीच.”

आवाज दुसरीचाही घालतात, असे मी त्यांना समजावले. हळू, पायरीपायरीने, वर्गात समजावते तसे. खोटे बोलताना माझा स्वर इतका शांत कसा राहिला?

त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या. मला वाटले, पटले. सकाळी मात्र म्हणाल्या, “भुताचं समदं उलटंच आसतं, बाई. माझी पोर त्या कापडात अडकलीया.”

दिवेलागणीला, खेळाआधी, रिकाम्या पडद्यामागे त्यांनी पानावर दहीभात मांडला आणि मला पुढे उभे केले.

“तुमचं लय ऐकायची ती. जा म्हना. सुटंल.”

एक वाक्य पुरले असते — ती जिवंत आहे. पण मग चिठ्ठी कोणी दिली, हेही सांगावे लागले असते. मी त्या पांढऱ्या कापडाकडे पाहिले आणि स्पष्ट म्हटले, “शेवंता, जा.”

कापड एकदा आतून ढकलल्यासारखे फुगले आणि निपचित झाले. यशोदाबाईंनी हात जोडले. त्यांचा चेहरा सैल पडला होता. गेल्या कित्येक वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता.

साताऱ्याला परतले, तो शेवंताचे पत्र आलेले होते. राग असू दे, एकदा आईला भेटायला येऊ का?

येऊ नकोस, असे मी त्याच दिवशी कळवले. यशोदाबाई त्यानंतर सहा वर्षे जगल्या. शेवंता आली नाही. ती माझे ऐकत असे.